घरचा सीसीटीव्ही मोबाइलवर: भिंगापासून फोनपर्यंतचा प्रवास

घरी सीसीटीव्ही बसवायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती मेगापिक्सेलपासून. दोनचा घ्यावा की पाचचा, फिरणारा बरा की एका जागी बसणारा, रात्री रंगीत दिसतं का. खरं तर या सगळ्या व्यवस्थेत कॅमेरा हाच सर्वांत सोपा भाग आहे. बऱ्या कंपनीचा कुठलाही कॅमेरा आज दिवसाउजेडी चांगलं चित्र देतो. घोडं पेंड खातं ते पुढे. कॅमेरा इतका उंच लावलेला असतो की चोराची फक्त टोपी दिसते. डिस्क भरल्यामुळे नेमकं हवं ते रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असतं. किंवा परगावी गेल्यावर अ‍ॅप उघडावं तर पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं.

म्हणून इथे कॅमेऱ्यांची तुलना करत बसण्यापेक्षा एका चित्राचा पाठलाग करू. भिंगातून आत आलेलं चित्र रेकॉर्डरपर्यंत कसं जातं, तिथे किती दिवस टिकतं, तिथून दूरवरच्या तुमच्या फोनवर कसं येतं आणि वाटेत आणखी कुणाकुणाच्या नजरेला पडू शकतं, ते पाहू.

कुणीतरी आलं, की कोण आलं?

कॅमेरा लावायच्या प्रत्येक जागेसाठी आधी एक गोष्ट ठरवा. इथे ‘कुणीतरी आलं’ एवढं कळलं तरी पुरे, की ‘कोण आलं’ हे कळायला हवं? ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकच कॅमेरा ती दोन्ही करेल या भरवशावर बरीच घरं फसतात.

सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत यासाठी सरळ आकडे दिले होते. दृश्यातल्या एक मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल येतात ते मोजायचं. २५ आले तर माणूस आहे एवढं समजतं. १२५ आले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाचा चेहरा नंतर खात्रीने पटवायचा असेल तर २५० लागतात.

आता हिशेब करा. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. त्याला २५०ने भागलं तर आले साधारण पावणेआठ मीटर. म्हणजे चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदीची जागा मावत असेल तर तिथल्या अनोळखी चेहऱ्याची खात्री देता येणार नाही. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास येणारी २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांहून जास्त पसारा टिपते. ती तीन मीटरवरच एवढी रुंदी गाठते. ‘सगळं अंगण एका कॅमेऱ्यात दिसतं’ म्हणून आपण खूश होतो, पण त्या अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस म्हणजे एक करडा ठिपका असतो. ४ मिलिमीटरची लेन्स घेतली तर चेहऱ्याची ही मर्यादा चार-सव्वाचार मीटरपर्यंत जाते, ६ मिलिमीटरची घेतली तर सातच्या आसपास. अंतर वाढतं तसा पसारा कमी होतो. फुकट काही मिळत नाही.

माझं मत विचाराल तर घराला येण्याच्या मुख्य वाटेवर एक अरुंद नजरेचा कॅमेरा फक्त चेहऱ्यासाठी ठेवा आणि बाकीचे रुंद नजरेचे हालचालीसाठी. आठ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे उंच कोपऱ्यांत टांगण्यापेक्षा दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दाराजवळ, चेहऱ्यासमोर असलेला बरा.

उंचीचंही तसंच. हाताला लागू नये म्हणून कॅमेरा चार-पाच मीटरवर नेला की चेहरे जातात आणि डोकी उरतात. अडीच ते तीन मीटर ही तडजोडीची उंची. दारासमोरून ऊन येत असेल तर माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. अशा ठिकाणी डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी सोय असलेला कॅमेरा हवाच.

भिंतीला भोक पाडण्याआधी एक काम करा. कॅमेरा काठीला बांधून ठरलेल्या जागी धरा, तात्पुरती वीज द्या आणि घरातल्या कुणाला तरी टोपी घालून दारापर्यंत चालत यायला सांगा. एकदा भर दुपारी, एकदा रात्री. मग ते रेकॉर्डिंग थांबवून चेहरा पाहा. चालू चित्रात सगळं छान वाटतं. थांबवलेल्या चित्रात खरं काय ते कळतं.

रात्रीचं चित्र

अंधार पडला की कॅमेऱ्यातून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. सेन्सरसमोरची अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं अडवणारी काच बाजूला सरकल्याचा तो आवाज. त्यानंतर कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त दिवे लागतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो.

रात्रीच्या बहुतेक तक्रारी या दिव्यांच्याच असतात. कॅमेरा छज्जाखाली अगदी भिंतीला चिकटून असेल तर जवळची भिंत पांढरीफटक दिसते आणि मागचं सगळं काळोखात जातं. खिडकीच्या आतून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री काचेवर स्वतःचेच दिवे पाहत बसतो. आणि कोळी! दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. मग रात्रभर ‘हालचाल आढळली’ असे संदेश येत राहतात. मऊ ब्रशने जाळं काढत राहणं हाच उपाय. याला कुठलं अ‍ॅप नाही.

एक गोष्ट पोलिसांना वर्णन सांगताना लक्षात ठेवा. अवरक्त प्रकाशात कपड्यांचे रंग खोटे दिसतात. काळा शर्ट कापड आणि रंगानुसार चक्क पांढरा दिसू शकतो. रात्रीचं रेकॉर्डिंग पाहून ‘पांढरा शर्ट होता’ असं छातीठोकपणे सांगू नये. रात्रीही रंगीत चित्र देणारे कॅमेरे आता मिळतात. त्यातले बरेचसे पांढरा दिवा लावून रंग दाखवतात, हे घेताना विचारून घ्या. दारासमोर दिवा लागणं हे कधी सोयीचं, कधी शेजाऱ्यांशी भांडणाचं कारण.

वायर

चित्र कॅमेऱ्यातून बाहेर न्यायचे तीन मार्ग आहेत. जुन्या पद्धतीत कोअ‍ॅक्स केबल डीव्हीआर नावाच्या रेकॉर्डरला जाते आणि वीज वेगळी द्यावी लागते. नव्या पद्धतीत कॅमेरा स्वतःच संगणकासारखा नेटवर्कवर बोलतो, त्याला आयपी कॅमेरा म्हणतात आणि त्याचा रेकॉर्डर म्हणजे एनव्हीआर. तिसरा मार्ग वायफायचा.

वायफाय कॅमेऱ्याला ‘वायरलेस’ म्हणतात, पण बॅटरीवाला सोडला तर त्यालाही विजेची वायर लागतेच. बॅटरीवाला बहुधा सतत रेकॉर्ड करत नाही. हालचाल दिसली की जागा होतो आणि जागं होईपर्यंतचे पहिले काही क्षण गमावू शकतो. शिवाय वायफाय जॅम करता येतं. भाड्याच्या घरात किंवा एखाद-दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी वायफाय ठीक आहे. स्वतःचं घर असेल आणि भिंतींचं काम निघणार असेल तर वायर टाकून घ्या.

आणि वायर टाकायचीच तर पीओईची टाका. यात एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही जातं आणि वीजही. साध्या पीओईत एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि केबलमधली घट धरून कॅमेऱ्याला १२.९५ वॅट मिळतील असं मानक सांगतं. साध्या कॅमेऱ्याला तेवढे पुरतात. केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. केबल घेताना आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना, ते पाहा. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा विरोध जास्त असतो आणि लांब अंतरावर वीज कमी पोहोचते.

याच दुखण्याचं एक नमुनेदार लक्षण आहे. कॅमेरा दिवसभर नीट चालतो. रात्र झाली की दर दोन-चार मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होतो. सकाळी दुरुस्तीवाला येतो तेव्हा सगळं ठणठणीत! लोक कॅमेरा बदलतात, तरी तेच. कारण असं, की रात्री अवरक्त दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त वीज ओढतो. बारीक, लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतं, १२ व्होल्टच्या जागी कॅमेऱ्यापर्यंत दहाच्या आसपास पोहोचतात आणि तो बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात आणि पुन्हा तेच चक्र. दिवसा कॅमेऱ्याचं भिंग हाताने झाकून बघा. अंधार समजून त्याने दिवे लावले आणि तो बंद पडला, तर दोष बहुधा वायरचा किंवा अडॅप्टरचा आहे.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग?

इथे एक सूत्र पाठ करून ठेवण्यासारखं आहे. एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने दिवसभर रेकॉर्डिंग केलं तर १०.८ गीगाबाइट जागा लागते. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र आटवून साठवण्याच्या पद्धतीने साधारण दोन मेगाबिटमध्ये भागवतो. जुन्या एच.२६४ला सुमारे दुप्पट लागतात. म्हणजे असे चार कॅमेरे एच.२६५वर दिवसाला ८६ गीगाबाइटच्या आसपास खातात. दोन टेराबाइटच्या डिस्कवर साधारण २३ दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. एच.२६४वर तीच डिस्क साडेअकरा दिवसांत भरते.

डिस्क भरली की रेकॉर्डर सर्वांत जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो. त्यामुळे ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ आणि ‘हवं ते रेकॉर्डिंग आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. सुट्टीवर जाता तेव्हा चोरी झाल्याचं परत आल्यावर कळतं. म्हणून तुमच्या सर्वांत लांब गैरहजेरीपेक्षा निदान आठवडाभर जास्त टिकेल एवढी जागा ठेवा.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या. रात्रंदिवस लिहीत राहण्याचं काम साध्या डिस्कला मानवत नाही. मेमरी कार्डवर रेकॉर्ड करत असाल तर तेही ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं हवं. साधं कार्ड गुपचूप निकामी होतं आणि ते कळतं नेमकं घटनेनंतर.

रेकॉर्डर टीव्हीशेजारी मांडून ठेवू नका. चोर सगळ्यात आधी तोच उचलून नेतो. कपाटात किंवा माळ्यावर कुलपात ठेवा, फक्त हवा खेळती राहू द्या. कॅमेऱ्यातच मेमरी कार्डाची सोय असेल तर मुख्य दाराच्या कॅमेऱ्यात एक कार्ड टाकून ठेवा. रेकॉर्डर गेला तरी थोडंफार हाती राहतं.

आणि घड्याळ! रेकॉर्डरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी एनटीपीची सेटिंग चालू करा. वेळ चाळीस मिनिटं मागे असलेलं रेकॉर्डिंग तपासात गोंधळच घालतं.

आता मुख्य मुद्दा: बाहेरून कसं दिसतं?

दूरवरच्या कॅमेऱ्यातून पाहण्याची हौस वेबएवढीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, जिने चढून गेल्यावर भांडं रिकामं निघू नये म्हणून. १२८ गुणिले १२८ पिक्सेलचं करडं चित्र. १९९३ साली ते वेबवर आलं आणि जगभरातले लोक दुसऱ्याच्या कॉफीकडे बघत बसले. त्या काळी बाहेरून आत पोहोचणं तुलनेने सरळ होतं. आज तसं नाही.

तुमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटरने एक आतला पत्ता दिलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८ने सुरू होणारा. हा पत्ता घराबाहेर निरर्थक आहे. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता दिसतो. राउटर हा इमारतीच्या गेटवरच्या पहारेकऱ्यासारखा आहे: आतल्याने कुणाला बोलावलं असेल तर त्याला तो सोडतो, न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. तुमचा फोन बाहेरून एनव्हीआर शोधायला येतो तेव्हा तो असा न बोलावता आलेला पाहुणा असतो.

यातून आत शिरायचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता पोर्ट फॉरवर्डिंगचा. राउटरला सांगून ठेवायचं, की अमुक पोर्टवर, म्हणजे अमुक क्रमांकाच्या दारावर, कुणी आलं की सरळ एनव्हीआरकडे पाठव. एकेकाळी सगळे हेच करायचे आणि अजूनही बसवणारे काही जण हेच करून जातात. करू नका. असं दार एकदा उघडलं की ते तुमच्याइतकंच साऱ्या जगाला उघडं असतं. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. काही यंत्रं राउटरमधल्या यूपीएनपी या सोयीच्या मदतीने तुम्हाला न विचारता स्वतःच हे दार उघडून घेतात. म्हणून राउटरमध्ये जाऊन यूपीएनपी बंद करा.

शिवाय अनेकांना हा रस्ता मुळात बंदच असतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात एकूण सुमारे ४.३ अब्ज आणि ते कधीच अपुरे पडले. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही त्यात आहात का, हे पाहणं सोपं आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो आकडा असतो तो आणि ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर एखादी वेबसाइट दाखवते तो जुळतात का बघा. जुळत नसतील आणि राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही खटपट केली तरी व्यर्थ. याच खटपटीत लोकांच्या संध्याकाळी जातात.

दुसरा रस्ता पीटूपीचा. तुम्ही एनव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करता आणि अ‍ॅपमध्ये चित्र येतं, ते बहुतेकदा यामुळे. एनव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवून असतो. आतून बाहेर जाणाऱ्याला राउटर अडवत नाही. तुमचा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, शक्य झालं तर दोघं थेट बोलतात, नाहीतर सगळं चित्र कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून येतं. कधी चटकन दिसतं आणि कधी रखडतं, त्याचं एक कारण हे.

सोय मोठी आहे आणि बहुतेक घरांसाठी हाच रस्ता व्यवहार्य आहे. पण यात तुम्ही कंपनीवर विश्वास टाकता. २०१९ साली आयलिंकपीटूपी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला. यंत्रांचे ओळख क्रमांक अंदाजाने काढता येत होते आणि अशी वीस लाखांहून जास्त यंत्रं इंटरनेटवर होती. मार्च २०२१मध्ये वेरकाडा या कंपनीच्या मुख्य खात्याचा तपशील हॅकरांच्या हाती लागला आणि इस्पितळं, तुरुंग, शाळा अशा ठिकाणचे सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांना खुले झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये वायझ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना सेवा खंडित झाल्यानंतर दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. या ग्राहकांची काहीच चूक नव्हती. म्हणून कंपनी निवडताना एक गोष्ट जरूर बघा: चित्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्ट करण्याची सोय आहे का? म्हणजे मधल्या सर्व्हरलाही ते वाचता येऊ नये.

तिसरा रस्ता व्हीपीएनचा. यात तुमचा फोन बाहेर असूनही घरातल्याच नेटवर्कवर असल्यासारखा वागतो. बरेच राउटर आता वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन ही व्हीपीएनची सॉफ्टवेअर स्वतःच चालवतात. राउटर जमवत नसेल किंवा सीजीनॅट आडवा येत असेल तर टेलस्केलसारखी सेवा घरातल्या कायम चालू असणाऱ्या एखाद्या छोट्या संगणकावर बसवता येते. ती सीजीनॅटलाही पुरून उरते. फोनवर आधी व्हीपीएन चालू करायचं, मग कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडून आतल्या पत्त्यावर जोडायचं. एक पाऊल जास्त आहे, पण एनव्हीआरला बाहेरच्या इंटरनेटची गरजच उरत नाही. राउटरमध्ये त्याचं बाहेर जाणं बंद करून टाकता येतं. मग फक्त एनटीपीची वेळ घरातल्या राउटरकडून घ्यायला त्याला शिकवायचं. थोडी तांत्रिक आवड असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

रस्ता कुठलाही घ्या, वेग मात्र अपलोडचा बघा. इंटरनेट कंपनी जाहिरातीत सांगते तो बहुधा डाउनलोडचा असतो. बाहेरून पाहताना चित्र घरातून बाहेर जातं, म्हणजे अपलोड होतं. चार कॅमेरे पूर्ण दर्जात एकदम पाहायचे तर आठ मेगाबिट अपलोड सलग मोकळा हवा. म्हणूनच बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात: रेकॉर्डिंगसाठी मोठा मेन स्ट्रीम आणि लांबून पाहण्यासाठी लहान सब स्ट्रीम. सब स्ट्रीम अर्ध्या मेगाबिटवर ठेवला तर तासाला सव्वादोनशे मेगाबाइट डेटा जातो. मेन स्ट्रीमला तासाला नऊशे लागतात. चारही कॅमेरे एकत्र सब स्ट्रीमवर पाहा आणि काही संशयास्पद दिसलं तर तेवढा एक कॅमेरा मोठा करा.

चाचणी घेताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. घरच्या वायफायवर बसून ‘दिसतंय की!’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

दुसरा कोण बघतोय?

२०१६ साली मिराई नावाचा व्हायरस पसरला. त्याच्याकडे कुठलीही चलाखी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन छापाच्या, आणि तो त्या एकेक करून कॅमेरे आणि डीव्हीआरवर चालवून बघायचा. लाखो यंत्रं उघडली. २१ ऑक्टोबर २०१६ला अशा यंत्रांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना काही तास उघडेनात. आपापल्या घरचा कॅमेरा यात सामील होता याचा मालकांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून असे सरधोपट पासवर्ड घालून यंत्रं विकण्यावर कायद्यानेच बंदी आणली आहे.

पासवर्ड बदला, लांब ठेवा आणि दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. अ‍ॅपच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा आणि ज्या कंपनीने वर्षानुवर्षं अपडेट दिलेलंच नाही तिचा कॅमेरा स्वस्त असला तरी घेऊ नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची किंवा व्हीलॅनची (घरातच वेगळं पाडलेल्या नेटवर्कची) सोय असेल तर कॅमेरे त्यावर टाका, म्हणजे एखादा कॅमेरा हॅक झाला तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत वाट जाणार नाही.

एका गोष्टीकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. कॅमेरे बसवणारा माणूस घाईत असतो. तो स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्याने एनव्हीआर जोडतो, चित्र आलं हे दाखवतो, मग तुम्हाला ‘शेअर’ करून देतो. तुमच्या फोनवर सगळं दिसतं, तुम्ही खूश. पण मालक कोण? तो! तुमच्या घराचं चित्र त्याच्या फोनवर कायम आहे आणि पुढे पासवर्ड विसरलात तर रिसेटचा कोडही त्याच्याच ईमेलवर जाणार. काम संपल्यावर अ‍ॅपमध्ये जाऊन बघा: यंत्राखाली ‘शेअर्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याला तिथल्या तिथे आपल्या खात्यातून यंत्र काढायला सांगा आणि तुमच्या खात्याला जोडून घ्या. मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुम्ही, त्याच्यासमोर नव्हे, एकटे बसून बदला. घरातल्या बाकीच्यांना फक्त पाहण्यापुरतं वेगळं खातं द्या.

घराच्या आत कॅमेरा लावावा का? जिथे पाहुणे, मुलं, घरकामाला येणारी माणसं वावरतात तिथे त्यांना सांगितल्याशिवाय तर नाहीच. बेडरूममध्ये मी तरी लावणार नाही. आत लावायचाच तर घरी कुणी असताना भिंगावर झाकण पडेल असा घ्या. बाहेरच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्याची खिडकी येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करता येतो. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाच्या खटल्यात म्हटलं, की घरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर ते निव्वळ घरगुती काम राहत नाही, माहिती संरक्षणाचा कायदा लागू होतो. गंमत म्हणजे त्याच कॅमेऱ्यामुळे त्याच्या खिडकीवर हल्ला करणारे संशयित सापडले होते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, आवाज रेकॉर्ड करण्याबाबत तर फारच वेगळा. तो आधी बघून घ्या.

सूचना आणि वीज

हालचालीच्या सूचना पहिल्या दिवशी फार आवडतात. आठवड्याने माणूस त्या बंद करतो. पाऊस, झाडाची सावली, मांजर, किडे. ‘लांडगा आला रे आला’ची गत होते. फक्त माणूस किंवा वाहन ओळखणारी सोय वापरा, चित्रावर रेघ आखून ती ओलांडली तरच कळव असं सांगा आणि दिवसा सूचना बंद, रात्री चालू असं वेळापत्रक लावा. सूचना कमी पण खऱ्या हव्यात.

वीज गेल्यावर व्यवस्था चालायला हवी असेल तर केवळ कॅमेऱ्यांना आणि एनव्हीआरला यूपीएस देऊन भागत नाही. राउटर, फायबरचा डबा आणि मधला पीओई स्विच हे सगळेच यूपीएसवर हवेत. यातला एक जरी सुटला तरी रेकॉर्डिंग कदाचित होईल, पण फोनवर काही दिसणार नाही. मेन स्विच स्वतः बंद करून एकदा बघा, म्हणजे कोण विसरलं ते लगेच समजतं.

घटना घडलीच तर

सर्वांत आधी ते रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची सोय करा. एनव्हीआरमध्ये क्लिप लॉक करता येते, ती करा. मग घटनेच्या आधीची आणि नंतरची पंधरा-वीस मिनिटं धरून ते पेनड्राइव्हवर उतरवा. सगळ्या कॅमेऱ्यांचं, फक्त ज्यात चोर दिसतो त्याचंच नव्हे. टीव्हीच्या पडद्यावर चित्र चालवून फोनने त्याचं शूटिंग करू नका. मूळ फाइलमधले बारकावे आणि वेळेची नोंद त्यात जाते. कंपनीचा प्लेअर लागत असेल तर तोही सोबत उतरवा. एनव्हीआरच्या घड्याळात त्या क्षणी किती वाजले आहेत आणि खरे किती, हे कागदावर लिहून ठेवा. दोन प्रती करा, एक तपास करणाऱ्यांना द्या.

पेनड्राइव्ह एनव्हीआरला ओळखता येतो का, हे आत्ताच करून बघा. बरेच एनव्हीआर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच मागतात आणि त्या पद्धतीत एक फाइल चार गीगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत उतरतं. ते सगळे तुकडे क्रमाने आहेत ना, ते संगणकावर चालवून तपासा. तपासासाठी डिस्कच काढून नेली गेली तर पावती घ्या आणि त्याच दिवशी दुसरी डिस्क बसवून एनव्हीआरमध्ये फॉरमॅट करा. तोवर फोनवर सगळे कॅमेरे नेहमीसारखे दिसत राहतील, पण एनव्हीआरमध्ये काहीच नोंदलं जात नसेल.